टोपीकरांची टोपी आणि तिची यंत्रे

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्यातील ‘टोपीकर’ हा शब्द आठवत असेल. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झालेल्या त्या राजनीतिपर ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशा समुद्रापलीकडून आलेल्या साऱ्यांना या एकाच नावात गोवलेले आहे. हे लोक इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, हे अमात्यांनी नेमके हेरले होते. परंतु या माणसांना ओळखण्यासाठी मराठी भाषेने त्यांचा धर्म निवडला नाही, वर्ण निवडला नाही, तोफाही निवडल्या नाहीत. निवडली ती डोक्यावरची टोपी. पुढे पेशवाईच्या कागदपत्रांतही ‘टोपीकर’ आणि ‘टोपीवाले’ हे शब्द सर्रास येत राहिले.

आमच्या गोमंतकात या टोपीला वेगळे नाव मिळाले. पोर्तुगीज भाषेतील ‘शापेव’ या शब्दाचे कोकणीत ‘चेपें’ झाले आणि अंत्रुज, भतग्राम, पेडणे या महालांत मराठी बोलणाऱ्या घरांतूनही तो शब्द रुळला. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज कोकणपट्टीतून आले, कोणाचे घाट उतरून आले. ते येथे स्थिरावले तेव्हा हे महाल सौंदेकरांचे वा सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत हे सर्व मुलूख पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींत गेले आणि पगडी, पागोटे, मुंडासे यांच्या शेजारी चेपें येऊन बसले. त्या टोपीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. कोणी घातली, कोणापुढे काढली, कोणी नाकारली, याच्या गोष्टी घराघरांत आहेत. ती बनते कशी, हे मात्र फारसे कोणी विचारलेले दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात तिच्यासाठी जी यंत्रे निघाली, त्यांचा इतिहास आम्ही गेली काही वर्षे सवडीने वाचीत आहोत. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाने टोप्यांच्या यंत्रांमागे का लागावे, असे आमच्या घरातही विचारले जाते. त्याचे उत्तर पुढील मजकुरात यावे.

प्रथम कापडाविषयी. ही टोपी विणलेल्या कापडाची नसते. तिला ना उभा धागा, ना आडवा. मेंढीच्या लोकरीच्या किंवा सशासारख्या प्राण्याच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. त्यांची टोके एकाच दिशेला असतात. असे केस एकत्र करून त्यांना उष्णता, ओल आणि दाब दिला की ते एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे त्यांना परत मागे येता येत नाही. जितके मळावे तितके ते घट्ट होत जातात व आकाराने आटतात. यालाच फेल्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला बुरणूस हा जुना शब्द आहे आणि काश्मीरचा नमदा सर्वांच्या परिचयाचा आहे. घाटावर हे बुरणूस करण्याचे काम बहुधा पिंजारी करीत. कापसाच्या तंतूला खवले नसतात, म्हणून गादीतला कापूस कितीही दाबला तरी त्याचे फेल्ट होत नाही आणि गादीला टाके घालावेच लागतात. गोव्यात मेंढ्या नाहीत. आमचे धनगर-गवळी म्हशी पाळतात. त्यामुळे बुरणूस ही वस्तू आपल्याला घाटावरून येणारी, क्वचित दिसणारी अशीच राहिली.

युरोपातील टोपीवाल्याची पहिली क्रिया पाहिली तर तो आणि आपला पिंजारी सख्खे भाऊ वाटावेत. छताला टांगलेली पाचसहा हात लांबीची लाकडी कमान, तिला आतड्याची ताणलेली तात, आणि ती तात छेडण्यासाठी लाकडी खुंटी. समोर फळीवर सशाच्या वा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या केसांचा ढीग. तात झणझणली की केस हवेत उडत आणि पातळ, सारख्या थराने खाली पसरत. असे दोन थर एकमेकांना जोडून ओल्या फडक्यात दाबले की एक मोठी, सैल, शंकूच्या आकाराची पिशवी तयार होई. ही पिशवी तयार टोपीच्या दुपटीहून मोठी असे. मग ती उकळत्या, आम्लमिश्रित पाण्यात बुडवून फळीवर तासन्‌तास लाटायची. एका मोठ्या कढईभोवती सहाआठ माणसे उभी राहून हे काम करीत. हात भाजू नयेत म्हणून तळव्यांना चामडे बांधीत. पिशवी आटून टोपीच्या मापाची झाली की लाकडी ठोकळ्यावर चढवून तिला डोके व काठ द्यायचे, रंगवायचे, कडक करायचे आणि शेवटी ती ‘उतरवायची’, म्हणजे खुरटे केस घासून काढायचे, इस्त्री करायची, ब्रशाने व मखमलीच्या गादीने चकाकी आणायची. हा शेवटचा भाग करणारा कारागीर स्वतःला इतरांपेक्षा वरचा समजे. गिऱ्हाइकाच्या नजरेस पडते ते त्याचेच काम, असे त्याचे म्हणणे असे आणि ते खोटे नव्हते.

या साऱ्या क्रमाला पहिला मोठा धक्का बसला १८४६ साली. अमेरिकेत हेन्री वेल्स याने टोपीची पिशवी घडविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याची कल्पना मोठी देखणी आहे. तांब्याच्या पत्र्याचा, असंख्य बारीक छिद्रे पाडलेला एक शंकू सावकाश फिरत असतो. त्याच्या पोटातून पंख्याने हवा ओढून घेतली जाते. समोरच्या पेटीत केस मोकळे करून फिरत्या ब्रशाने शंकूच्या दिशेने फेकले जातात. हवेच्या ओढीने ते शंकूवर जाऊन चिकटतात. कमानीची तात जे काम कारागिराच्या कानावर आणि मनगटावर सोपवीत होती, ते आता वारा करू लागला. एका टोपीला पुरेल इतके, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम केस शंकूवर बसले की त्यावर ओले कापड गुंडाळायचे, वरून दुसरे झाकण घालायचे आणि सगळे गरम पाण्यात बुडवायचे. बाहेर काढल्यावर शंकूवरून आख्खी पिशवी सोलून निघते, विनासांध्याची. कमानीवर बसणाऱ्या कसबी माणसाच्या दिवसभराच्या कामाला यंत्रापुढे मिनिटांचा हिशेब लागू लागला.

यंत्र आले की मागोमाग कोर्ट येते. वेल्सच्या पेटंटचे हक्क बर नावाच्या गृहस्थाकडे गेले, त्याने पेटंटाचा मसुदा पुन्हा नव्या शब्दांत करून घेतला आणि सेथ बॉयडन या न्यूअर्कच्या कल्पक यांत्रिकाने केलेले वेगळे यंत्र वापरणाऱ्यांवर दावा लावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८६३ सालच्या निकालात न्यायालयाने म्हटले, ते थोडक्यात असे की पेटंट यंत्राला मिळते. केस शंकूवर बसविण्याच्या सर्वसाधारण कल्पनेवर, शब्द रुंदावून, कोणाला मालकी सांगता येणार नाही. दावा फेटाळला गेला. आमचे अर्धे आयुष्य जमिनीच्या कागदांत गेले. मूळ दस्तात एक, दुरुस्तीत दुसरे आणि ताब्यात तिसरेच, हा प्रकार आम्हाला काही नवा नाही. त्यामुळे हा निकाल वाचताना परक्या मुलुखात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

पिशवी यंत्रावर घडू लागली तरी ती उतरविण्याचे काम आणखी काही वर्षे हातानेच चालले. येथे योंकर्स गावच्या रुडॉल्फ आयकेमायर याचे नाव घेतले पाहिजे. हा १८३१ साली बव्हेरियाच्या राज्यात जन्मला. १८४८-४९ च्या जर्मन उठावाच्या दिवसांत तो तरुण होता, आणि उठाव फसल्यावर १८५० मध्ये अमेरिकेला गेला. १८५४ साली त्याने ऑस्टरहेल्ड नावाच्या मित्रासह न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स गावी यंत्रदुरुस्तीचे छोटे दुकान काढले. गावात टोप्यांचे कारखाने होते. दुरुस्तीसाठी येणारे यंत्र उघडून पाहता पाहता त्याने स्वतःची यंत्रे करावयास सुरुवात केली. टोपीच्या आतली चामड्याची पट्टी शिवण्याचे यंत्र त्याने केले, पिशवी ताणण्याचे केले, तिला ठोकळ्याचा आकार देण्याचे केले.

ताणण्याचे यंत्र तर पाहण्यासारखे. शंकूच्या टोकाशी फेल्ट जाड असते व ते सपाट, रुंद करावे लागते. हाताने ते करताना कारागिराचे अंगठे सोलवटून निघत. आयकेमायरच्या यंत्रात छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या फासळ्या असतात. वाफेने मऊ केलेली पिशवी त्यांवर घालतात आणि वरून धातूची बोटे दोन फासळ्यांच्या मधल्या जागेत भराभर दाब देत राहतात. पिशवी थोडी थोडी फिरते, बोटे नवीन जागी पडतात, आणि टोक हळूहळू ताटलीसारखे उघडत जाते. घावन काढणाऱ्या बाईने हाताने पीठ पसरावे तसे. काठासाठी वेगळी, पण याच तत्त्वाची योजना असे.

यानंतरचे यंत्र घासण्याचे. पूर्वी हे काम प्यूमिस नावाच्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाने करीत. आता टोपी फिरत्या ठोकळ्यावर चढवून तिच्यावर काचकागद लावलेला रूळ वेगाने फिरवू लागले. आमच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांकडे लाकडी फळे नि खेळणी कातताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या यंत्राचे चित्र लगेच डोळ्यांपुढे आणता येईल. वस्तू फिरते, माणूस नुसता धरतो. मग वायूच्या ज्योतीने तापणाऱ्या इस्त्र्या आल्या, काठ वळविण्याची यंत्रे आली, आणि शतक सरता सरता पाण्याच्या दाबावर चालणारे दाबयंत्र आले. त्यात टोपी तापलेल्या धातूच्या साच्यात ठेवून तिच्या पोटात रबराची पिशवी पाण्याने फुगवीत. दाब सगळीकडून सारखा पडे आणि काही क्षणांत टोपी घडी-सुरकुतीविना बाहेर येई. इंग्लंडात स्टॉकपोर्ट आणि डेंटन या गावांतून अशी यंत्रे शेकड्यांनी चालत. स्टॉकपोर्टच्या एका जुन्या गिरणीत २००० सालापासून टोप्यांचे संग्रहालय आहे.

आयकेमायरविषयी एक गोष्ट राहिली. टोप्यांच्या यंत्रांतून मिळविलेला पैसा त्याने पुढे विजेच्या मोटारींत घातला. १८८९ मध्ये त्याच्या कारखान्यात एक तरुण जर्मन निर्वासित आराखडे काढण्याच्या नोकरीसाठी आला. पाठीला बाक, खिशात पैसे नाहीत, इंग्रजी तुटपुंजे. त्याचे नाव चार्ल्स स्टाइनमेट्झ. प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे गणित ज्याने अभियंत्यांना वापरता येईल असे करून दिले, तोच हा. लोखंडात चुंबकत्वामुळे वाया जाणाऱ्या शक्तीचा त्याचा सुप्रसिद्ध नियम योंकर्सच्या याच टोपीयंत्रांच्या कारखान्यात सिद्ध झाला. विजेच्या रोहित्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या गोव्यातील विद्यार्थ्यांनाही तो नियम शिकावाच लागतो. त्याच्या मागे टोप्या आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही.

येथवर वाचून यंत्रांनी सर्व काही सुरळीत केले असे कोणास वाटेल. या धंद्याला एक दुसरी बाजू होती. सशाचे केस मेंढीच्या लोकरीइतके सहज गुंतत नाहीत. ते गुंतावेत म्हणून कातड्यावर असतानाच त्यांना पाऱ्यापासून केलेल्या द्रावणाचा, मर्क्युरिक नायट्रेटचा, हात देत. त्याने केसांची टोके नारिंगी होत. त्यावरून या क्रियेला इंग्रजीत गाजराचे नाव पडले. पारा फेल्टात राहून जाई. पुढे जेव्हा जेव्हा त्या फेल्टाला वाफ द्यावी, इस्त्री करावी, तेव्हा तेव्हा तो हवेत येई. टोपी उतरविणाऱ्याच्या दालनात तर धूळ आणि वाफ दोन्ही. यंत्राने घासण्याचा वेग वाढविला, म्हणजे धूळही वाढविली; आणि थंड देशात वाफ निघून जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. १८६० साली न्यू जर्सीतील डॉक्टर फ्रीमन यांनी तेथील टोपी कारागिरांच्या पाराबाधेची नोंद वैद्यकीय मंडळापुढे मांडली. हात थरथरणे, लाळ गळणे, हिरड्या सुजणे, आणि पुढे माणूस विलक्षण लाजरा, भित्रा, चिडका होणे ही त्याची लक्षणे. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी गावात टोप्यांचे कारखाने इतके होते की हाताच्या त्या कंपाला गावाचेच नाव मिळाले. हा माणूस दारुडा आहे, असे शेजारीपाजारी म्हणत. स्वतःची सही करता येत नाही असे कारागीर गावात होते, आणि तरीही ते कामावर जात.

आपल्याकडील रसवैद्यांनी पाऱ्याला आठ संस्कार सांगितले आणि अशुद्ध पारा विष आहे हे वारंवार बजावले. त्यांच्या औषधांच्या निर्धोकपणाविषयी आजचे शास्त्र शंका घेते, व ती घेणे योग्यच आहे. पण विष आहे हे तरी ते लपवीत नव्हते. अमेरिकेत टोप्यांच्या धंद्यात पारा वापरण्यावर बंदी आली ती १९४१ च्या डिसेंबरात. फ्रीमन यांच्या नोंदीनंतर एक्याऐंशी वर्षांनी. एखाद्या प्रकरणावर टिपणी चढत जावी, शेरे पडत जावेत आणि निर्णय काही व्हायचा नाही, अशा धारिका आम्ही पाहिल्या आहेत. पण एक्याऐंशी वर्षे हा आमच्याही कल्पनेपलीकडचा विलंब आहे. डॅनबरीच्या नदीतील गाळात तो पारा शतक उलटल्यावरही सापडत राहिला.

आता आपल्या देशाशी या टोपीचा जो खरा धागा आहे, त्याकडे वळतो. तो धागा म्हणजे लाख. फेल्ट घडले तरी नुसते फेल्ट पावसात मऊ पडते. युरोपात पूर्वी सरस, डिंक वगैरे लावून त्याला कडकपणा आणीत; एका सरीत टोपी गळपटे. एकोणिसाव्या शतकात ती जागा लाखेने घेतली. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणारा बारीक किडा जे लाल-तपकिरी कवच करतो, ती लाख. छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतले आदिवासी ती खरवडून आणीत. धुऊन तिचा लाखदाणा होई, आणि लाखदाणा कापडी पिशवीत विस्तवापुढे वितळवून, ताणून चपडा होई. आमच्याकडील सुतार दरवाज्यांना पॉलिश करताना स्पिरिटात जो विरघळवतात, तोच चपडा. मिर्झापूरच्या भट्ट्यांतून तो कलकत्त्याला आणि तेथून जहाजांनी लंडन, न्यूयॉर्कला जाई. टोपीवाले तो मद्यार्कात किंवा टाकणखार, अमोनिया यांच्या पाण्यात विरघळवून फेल्टात मुरवीत. १८४९ साली इंग्लंडातील कोक नावाच्या जमीनदाराने, आपल्या शिकाररक्षकांची डोकी झाडांच्या खालच्या फांद्यांवर आपटू नयेत म्हणून लंडनच्या लॉक या दुकानातून एक गोल कडक टोपी करविली. थॉमस आणि विल्यम बोलर या टोपीवाल्यांनी ती घडविली व पुढे त्यांचेच नाव तिला मिळाले. कोकने ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन पाहिला आणि मगच पैसे दिले, असे सांगतात. तिने पाय सोसला तो लाखेच्या जोरावर. श्रीमंतांची चकचकीत उंच रेशमी टोपीसुद्धा आतून पाहिली तर लाखेत भिजवून कडक केलेले सुती कापडच असे. रेशीम फक्त वरून.

म्हणजे ज्यांना आपल्या पूर्वजांनी ‘टोपीकर’ म्हटले, त्यांच्या टोपीला उभे राहण्याचे बळ आपल्या जंगलातील एका किड्याने दिले. यात अभिमान मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. लाख गोळा करणाऱ्याला त्यातून काय मिळे, याचा विचार केला तर अभिमानाला फारसा वाव राहत नाही. शतकाच्या अखेरीस त्याच लाखेला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे. आमच्या फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाई केरकरांचा आणि मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचा आवाज ज्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवर उतरला, त्या तबकड्या याच लाखेच्या. पुढे केसरबाईंच्या गायनाची एक चीज १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघाली. पण तिचा पहिला प्रवास लाखेवरूनच झाला होता.

यंत्राची टोपी आपल्या दारात कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. पोर्तुगाल व इंग्लंड यांच्यात १८७८ साली करार झाला आणि १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. त्या बदल्यात इंग्रजांनी गोव्याच्या मिठावर नियंत्रण मिळविले. आगरवाड्याच्या मिठागरवाल्यांपासून सगळ्यांनाच त्याची झळ लागली. जकात नाही म्हटल्यावर मुंबईचा माल पेडण्याच्या व डिचोलीच्या नाक्यांवरून बिनदिक्कत आत येऊ लागला. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे घाटावरच्या रेल्वेला मिळाली. युरोपातील कारखाने एव्हाना काठाच्या हॅटबरोबरच पूर्वेकडील देशांसाठी बिनकाठाच्या फेल्ट टोप्याही काढू लागले होते. तुर्कस्तानात सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली पागोट्याच्या जागी लाल फेज आणली, आणि पुढे बोहेमियातील स्ट्राकोनित्से गावचे कारखाने साऱ्या तुर्की साम्राज्याला फेज पुरवू लागले. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा चिडलेल्या तुर्कांनी ऑस्ट्रियाच्या फेज डोक्यावरून काढून टाकल्या. परक्या यंत्राने घडविलेली टोपी ही आपली राष्ट्रीय निशाणी, ही विसंगती एकट्या तुर्कांची नव्हती. आपल्या मराठी मुलुखात काळी गोल फेल्टची टोपी शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्या डोक्यावर इतकी स्थिर झाली की पुढच्या पिढ्यांना ती परंपरेचीच वाटली.

तिने जागा घेतली ती पगडीची. पगडी बांधणे ही एक स्वतंत्र कला होती. पगडबंद लाकडी ठोकळ्यावर ओले, पीळ दिलेले तलम कापड चढवीत जाई, घेरावर घेर, आणि माणसाची जात, गाव, हुद्दा त्या घेरांतून दिसे. पुढे तिची किंमत आणि सांभाळ दोन्ही परवडेनात. फेल्टची टोपी स्वस्त, हलकी, आणि कोणीही घालावी अशी. तिच्यातून जात दिसत नव्हती, हा तिचा मोठाच गुण आम्ही मानतो. पगडीविषयी हळहळणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना तो दिसत नसे. पण पगडबंदाचे हात रिकामे झाले, हेही खरे. त्याच्या ठोकळ्यात आणि आयकेमायरच्या ठोकळ्यात मूळचा फरक फारसा नव्हता. एकाच्या मागे वाफ आली, दुसऱ्याच्या मागे कोणी आले नाही. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता ती सत्कारसमारंभात पाच मिनिटे डोक्यावर राहते.

फेल्टच्या टोपीला आव्हान मिळाले ते यंत्राकडून नव्हे, शिवणकामाकडून. गांधीजींनी पांढरी खादी टोपी का निवडली, याविषयीचे त्यांचे बोलणे काकासाहेब कालेलकरांनी नोंदवून ठेवले आहे. कालेलकरांचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली, म्हणजे आपले शेजारीच. गांधीजींनी प्रांतोप्रांतीची शिरोभूषणे तपासली होती. पागोट्यांना एका डोक्यासाठी कितीतरी वार कापड लागते हे त्यांना खटकले. काश्मिरी टोपीचा घडी होणारा आकार पसंत पडला. पण लोकरीवर मळ दिसत नाही, म्हणून ती न धुता वर्षानुवर्षे वापरली जाते, असा त्यांचा आक्षेप होता. पांढऱ्या सुती टोपीवर मळ लगेच दिसतो, म्हणून ती धुवावी लागते. काळ्या फेल्टला हा आक्षेप शब्दशः लागू पडतो. ज्या वस्तूच्या पृष्ठभागासाठी शंभर वर्षे यंत्रे खपली, तिच्यावर मळ दिसत नाही हाच तिचा दोष ठरला.

पोर्तुगालात टोप्यांचे गाव म्हणजे उत्तरेकडील साव ज्वांव द मदैरा. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून टोप्या होत. गरम पाण्यात, रंगात आणि आम्लात हात घालून काम करणाऱ्या तिथल्या कारागिरांना आजूबाजूचे लोक ‘काळ्या नखांचे’ म्हणत. यंत्रयुग त्या गावात उशिरा आले. १९१४ मध्ये निघालेल्या मोठ्या कारखान्याने नवी यंत्रे आणली आणि घरोघरच्या लहान कारागिरांना त्याच्यापुढे टिकणे कठीण झाले. तो कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. २००५ साली त्याच इमारतीत टोप्यांचे संग्रहालय उघडले. दालनांतून यंत्रे जेथे होती तशीच मांडलेली आहेत: केस उडविणारी, शंकूची, मळण्याची, घासण्याची, दाबण्याची. गावातील दुसऱ्या एका कारखान्यात फेल्टच्या पिशव्या आजही तयार होतात आणि जगभरच्या टोपीवाल्यांकडे जातात. त्या पिशव्यांना काठ नसतो, डोके नसते. विकत घेणारा आपल्या ठोकळ्यावर चढवून, वाफ देऊन, काचकागदाने घासून त्यांना उतरवितो.